लोगोसाठी कार्टून पात्र घडवताना : पहिल्या कल्पनेपासून नोंदणीपर्यंत

व्यवसायाच्या लोगोमध्ये एखादे कार्टून पात्र असावे, अशी इच्छा बरेच जण पहिल्याच भेटीत बोलून दाखवतात आणि सोबत इंटरनेटवरून उचललेली चार-पाच चित्रेही पुढे करतात. चित्रे छान असतात, पण त्यांतली बहुतेक अशी असतात की ज्याने काढली त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणालाही ती तशी काढता येणार नाहीत. मॅस्कॉटला, म्हणजे व्यवसायाचा चेहरा बनणाऱ्या अशा पात्राला, हे परवडत नाही. पुढची अनेक वर्षे वेगवेगळे चित्रकार, छापखाने, भरतकाम करणारे आणि ॲनिमेटर त्याला काढणार असतात, आणि त्यांतल्या बहुतेकांनी मूळ चित्रकाराचे नावही ऐकलेले नसते. म्हणून या लेखातील पायऱ्या एकाच कसोटीभोवती बांधल्या आहेत : मूळ चित्रकार जागेवर नसताना दुसऱ्याच्या हातून हे पात्र तेच पात्र म्हणून उतरेल का?

मिशलिन टायर कंपनीचा मॅस्कॉट बिबेंडम या कसोटीला गेली सव्वाशे वर्षे उतरत आला आहे. १८९४ मध्ये फ्रान्समधील ल्यों येथील प्रदर्शनात रचून ठेवलेली टायरांची चळत पाहून, हिला हात लावले तर माणूस होईल, असे कंपनीचे एक संस्थापक एदुआर मिशलिन यांना सुचले, आणि १८९८ मध्ये ओ'गालो या टोपणनावाने काम करणाऱ्या फ्रेंच चित्रकाराने खिळ्यांनी आणि काचांनी भरलेला चषक उंचावणारा बिबेंडम पोस्टरवर आणला. सुरुवातीच्या चित्रांत तो पातळ पातळ टायरांच्या कितीतरी वळ्यांचा आहे, नाकावर चिमट्याचा चष्मा आहे, हातात सिगार आहे. त्या काळचे टायर फिकट रंगाचे असत, म्हणून तो पांढरा झाला आणि टायर काळे झाल्यावरही पांढराच राहिला. पुढे चष्मा गेला, सिगार गेली, वळ्या कमी आणि जाड झाल्या. पण "टायरांच्या चळतीचा माणूस" हे त्याचे तीन शब्दांतले वर्णन बदलले नाही. वर्णन इतके पक्के असल्यामुळे हात बदलले तरी पात्र तेच राहिले.

पायरी १ : पात्र लोगोत असेल की लोगोबाहेर, हे ठरवणे

नवख्यांचा पहिला गोंधळ येथेच होतो. लोगो ही व्यवसायाची सही असते. ती सगळीकडे एकसारखीच उमटली पाहिजे. मॅस्कॉट हा त्या व्यवसायाच्या वतीने बोलणारा, हसणारा, वेगवेगळ्या प्रसंगांत दिसणारा नट असतो. (वृत्तपत्रांत क्रीडास्पर्धांच्या मॅस्कॉटला शुभंकर म्हणतात, व्यवसायाच्या पात्राला तो शब्द सहसा कोणी लावत नाही, म्हणून येथे मॅस्कॉट हाच शब्द ठेवला आहे.) सही आणि नट ही दोन्ही कामे एकाच चित्रावर टाकायची का, हा निर्णय कागदावर पहिली रेघ ओढण्याआधी घ्यावा.

प्रत्यक्षात तीन रचना आढळतात. पहिल्या रचनेत पात्रच लोगो असते. ड्युओलिंगो या भाषा शिकवणाऱ्या ॲपवरचा घुबडाचा चेहरा पाहिला की नाव वाचावे लागत नाही. दुसऱ्या रचनेत नाव हा मुख्य लोगो असतो आणि पात्राचे केवळ डोके त्याच्या शेजारी किंवा स्वतंत्र चिन्ह म्हणून वापरले जाते. अँड्रॉइडचा हिरवा यंत्रमानव २००७ मध्ये पूर्ण अंगाने काढला गेला होता, पण २०१९ च्या नव्या लोगोत त्याचे फक्त डोके ठेवण्यात आले. तिसऱ्या रचनेत लोगो पूर्णपणे वेगळा असतो आणि पात्र जाहिराती, वेष्टने, पत्रके यांपुरते राहते. एअर इंडियाचा महाराजा १९४६ पासून असाच कंपनीच्या वतीने वावरत आला. विमानाच्या शेपटीवरचे चिन्ह त्याच्याहून निराळे होते.

नव्या व्यवसायाला मी नेहमी दुसरी रचना सुचवतो. डोके लोगोजवळ ठेवता येते, पूर्ण अंग जाहिरातीत आणता येते, आणि दहा वर्षांनी पात्र कंटाळवाणे वाटू लागले तर नाव तसेच ठेवून त्याला निवृत्त करता येते. पात्रच लोगो असेल तर त्याच्या निवृत्तीबरोबर फलकापासून बिलबुकापर्यंत सारे काही बदलावे लागते.

कधी कधी पात्र नको, हेच योग्य उत्तर असते. ज्या सेवेकडे माणूस दुःखात, भीतीपोटी किंवा वादात सापडल्यावर येतो, तेथे दारातच हसरे कार्टून उभे करणे त्याला थट्टेसारखे वाटू शकते. वेळेचे भानही महत्त्वाचे आहे. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस ९७ मधला तो कागदाला लावायच्या पिनेचा मदतनीस अनेकांना आठवत असेल. चित्र म्हणून तो वाईट नव्हता. एका वाकवलेल्या तारेला दोन डोळे आणि भुवया, म्हणजे काढायला अगदी सोपा. पण माणूस पत्र लिहीत असताना तो न विचारता मध्ये येत असे. ऑफिस एक्सपीमध्ये तो आपोआप दिसणे बंद करण्यात आले आणि ऑफिस २००७ मध्ये तो उरला नाही.

पायरी २ : काढण्याआधी लिहिणे

पात्राचे वर्णन आधी तीन वाक्यांत लिहावे : ते कोण आहे, व्यवसायातील कोणते काम ते स्वतः करताना दिसेल, आणि ते कधीच काय करणार नाही. तिसरे वाक्य बहुतेक जण गाळतात आणि पुढे तेच सर्वाधिक उपयोगी पडते. "हा कधीही घाईत दिसणार नाही" असे लिहिलेले असेल, तर दोन वर्षांनी नेमलेला नवा चित्रकार त्याला घाम पुसत धावताना काढणार नाही.

त्यानंतर पात्राचा उगम निवडावा. माणूस निवडल्यास भाव दाखवणे सोपे जाते, पण कपडे, केशरचना आणि चष्म्याची चौकट लवकर जुनी होते. शिवाय माणसाचे चित्र कोणत्या तरी समाजाचे, लिंगाचे, वर्गाचे होते आणि ते साचेबद्ध असेल तर अपमानास्पद ठरते. अमेरिकेतील पॅनकेकच्या पिठाच्या वेष्टनावरचे आंट जेमायमा हे पात्र शतकाहून अधिक काळ चालले, पण त्याची मुळे गुलामगिरीच्या काळातील कृष्णवर्णीय स्त्रीच्या साच्यात असल्यामुळे २०२० मध्ये कंपनीने ते थांबवत असल्याचे जाहीर केले. चित्र वेळोवेळी बदलून पाहिले होते. साचा मात्र चित्रात नसून मूळ कल्पनेतच होता.

वस्तूला डोळे आणि हातपाय लावणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे आणि म्हणूनच त्यावर गर्दीही फार आहे. नळ दुरुस्त करणाऱ्याचा हसरा पाना, रंग देणाऱ्याचा हसरा ब्रश, चावीवाल्याची हसरी चावी हे पर्याय पहिल्या पाच मिनिटांत सुचतात, म्हणजे ते स्पर्धकालाही पहिल्या पाच मिनिटांत सुचलेले असतात. प्राणी हा मधला मार्ग आहे. प्राण्याचा एखादा स्वभाव लोकांना आधीपासून ठाऊक असतो, आणि त्याला वय वा समाज चिकटत नाही.

येथून पुढे मी एकच काम उदाहरण म्हणून वापरतो. घरातले सामान बांधून दुसऱ्या घरी पोहोचवणाऱ्या एका व्यवसायाला मॅस्कॉट हवा होता. मालकांच्या मनात पोटाच्या पिशवीत खोकी घेतलेला कांगारू होता. कल्पना वाईट नव्हती, पण थोडा शोध घेताच त्याच धंद्यातले इतके कांगारू सापडले की आमचा कोणता हे सांगणे अवघड झाले असते. मग "सामान बांधणे" या शब्दावर विचार करत करत आम्ही खवले मांजरापर्यंत आलो. धोका वाटला की हा प्राणी स्वतःलाच गुंडाळून घेतो आणि बाहेर फक्त कवच उरते. त्याचे वर्णन असे लिहिले : "हा स्वतःला गुंडाळून घेणारा शांत प्राणी आहे. सामान बांधताना तो ते आपल्या शेपटीच्या वेटोळ्यात धरतो. तो कधीही काही फेकत नाही, उडवत नाही आणि धावत नाही."

पायरी ३ : छायाकृती

चेहऱ्यापासून सुरुवात करण्याचा मोह आवरावा. आधी पात्राची फक्त काळी छायाकृती काढावी. आत एकही रेघ नको, डोळे नकोत. अशा वीस-पंचवीस छायाकृती एका कागदावर अंगठ्याच्या नखाएवढ्या काढाव्यात आणि ज्याला विषय सांगितलेला नाही अशा माणसाला त्या दाखवून काय दिसते ते विचारावे. तो जे म्हणेल ते मुकाट्याने लिहून घ्यावे. समजावून सांगू नये, कारण पुढे फलकाखाली उभे राहून समजावून सांगायला आपण नसणार.

आकारांची एक ढोबळ भाषा असते आणि ती नवख्यांना उपयोगी पडते. गोल आकार मऊ, मनमिळाऊ वाटतो. चौकोनी आकार भक्कम आणि विश्वासू वाटतो. त्रिकोणी, टोकदार आकार चपळ वा धोकादायक वाटतो. तिन्ही आकार समप्रमाणात वापरले तर पात्राचा स्वभाव कळेनासा होतो. एक आकार मुख्य ठेवावा आणि दुसरा चवीपुरता.

खवले मांजराच्या बाबतीत पहिल्या आराखड्यात मी त्याला बाजूने चालताना काढले होते. अंगावर अडतीस खवले होते; प्रत्येकाला कडा होती, आत छटा होती. पूर्ण पानावर ते देखणे दिसत होते आणि मालकही खूश झाले होते. मग तेच चित्र कर्मचाऱ्यांच्या टोपीवर भरतकामासाठी नमुना म्हणून पाठवले. परत आलेल्या टोपीवर कपाळाशी एक तपकिरी लांबट ठोकळा होता. सगळे खवले एकमेकांत मिसळले होते. यंत्र चालवणाऱ्याने अगदी प्रामाणिकपणे विचारले, "ही चटईची गुंडाळी आहे का?" चूक त्याची नव्हती. दोऱ्याला स्वतःची जाडी असते. साधारण १ मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ भरतकामात नीट उतरत नाही, आणि माझ्या खवल्यांमधल्या फटी त्याहून कितीतरी बारीक होत्या.

त्यानंतर चित्र दुरुस्त करण्याऐवजी छायाकृतीपासून पुन्हा सुरुवात केली. चालणारा प्राणी सोडून वेटोळे घेतलेला प्राणी घेतला : बाहेरून जवळपास पूर्ण वर्तुळ, वरच्या उजव्या बाजूला वेटोळ्यातून बाहेर डोकावणारे निमुळते तोंड, आणि वर्तुळाच्या कडेवर पायऱ्यांसारख्या उठलेल्या खवल्यांच्या कडा. खवले आता अंगावर काढलेले नव्हते, तर बाह्यरेषेतच होते. मोठ्या चित्रात नऊ कडा, लहान चिन्हात पाच. विषय न सांगितलेल्या सहा जणांना ही छायाकृती दाखवली तेव्हा चौघांनी "गुंडाळलेला प्राणी" म्हटले, एकाने "शंख" म्हटले आणि एकाने "दातेरी चाक" म्हटले. चाकाचे उत्तर मी मनावर घेतले आणि कडांचे अंतर असमान केले. डोक्याकडे लहान, शेपटीकडे मोठे. मग ते यंत्र वाटेनासे झाले.

बाहेरून वर्तुळाकार असण्याचा एक अनपेक्षित फायदाही झाला. समाजमाध्यमांवर प्रोफाइलचे चित्र बहुतेक ठिकाणी गोल कापले जाते. उभ्या पात्राचे कान आणि पाय तेथे कापले जातात. आमच्या प्राण्याचे काहीच कापले गेले नाही.

पायरी ४ : चेहरा

छायाकृती ठरल्यावर चेहऱ्याला फार वेळ लागत नाही. लोगोतल्या पात्राचा भाव सौम्य आणि मधला ठेवावा, कारण तेच चित्र अभिनंदनाच्या पत्रावरही जाईल आणि दिलगिरीच्या पत्रावरही. तोंड उघडून खदखदून हसणारे पात्र दिलगिरीच्या पत्रावर कसे दिसेल, हे एकदा छापूनच पाहावे. नजर नावाच्या दिशेने असावी. वाचणाऱ्याची नजर पात्राच्या नजरेमागून जाते. डोके मोठे आणि शरीर दोन ते तीन डोक्यांएवढे उंच ठेवले तर लहान आकारातही चेहरा वाचता येतो. बोटे चार ठेवण्याची ॲनिमेशनमधली जुनी पद्धत आळसातून नव्हे, हिशेबातून आली आहे : प्रत्येक चित्रात एक बोट कमी काढावे लागते आणि लहान हात गजबजलेला दिसत नाही.

पायरी ५ : एक रंग, मग बाकीचे रंग

पात्र आधी निव्वळ काळ्या रंगात पूर्ण करावे. छटा नाही, राखाडी नाही, सावली नाही. रबरी शिक्का, काचेवर कापून चिकटवलेले व्हिनाइल, खोक्यावरचा एकरंगी छापा, धातूवरचे कोरीव काम या सगळ्यांना हेच रूप लागते. ज्या पात्राची ओळख केवळ रंगामुळे पटते, ते या ठिकाणी हरवते. एकरंगी रूप पटल्यावर दोन किंवा तीन सपाट रंग द्यावेत. एका रंगातून दुसऱ्यात विरघळणाऱ्या छटा पडद्यावर मोहक दिसतात, पण स्क्रीन प्रिंटिंगला त्या डोकेदुखी ठरतात.

गडद पार्श्वभूमीवरचे रूप वेगळे काढावे लागते, आणि नवख्यांच्या फाइलमध्ये नेमके तेच नसते. दोन चुका पुन्हा पुन्हा दिसतात. पहिली म्हणजे डोळ्याचा पांढरा भाग पांढऱ्या रंगाने न भरता रिकामा सोडणे. पांढऱ्या कागदावर ते लक्षात येत नाही, पण काळ्या टी-शर्टवर पात्राचे डोळे खोबणीसारखे काळे दिसतात. दुसरी म्हणजे काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे करून मोकळे होणे. त्यामुळे फोटोच्या निगेटिव्हसारखा भुताटकीचा चेहरा तयार होतो. गडद रूपात डोळे आणि दात पांढरेच राहिले पाहिजेत आणि बाह्यरेषेचा विचार नव्याने झाला पाहिजे.

अंतिम चित्र वेक्टर स्वरूपातच असावे, म्हणजे ते ठिपक्यांऐवजी गणिती वक्ररेषांनी बनलेले असावे आणि कितीही मोठे केले तरी फाटू नये. पण केवळ वेक्टर असणे पुरेसे नाही. रेषा जर "स्ट्रोक" म्हणून, म्हणजे ठरावीक जाडी दिलेली नुसती रेघ म्हणून, ठेवल्या असतील, तर काही सॉफ्टवेअरमध्ये चित्र लहान करताना रेषेची जाडी तीच राहते आणि व्हिजिटिंग कार्डावरचे पात्र काळ्या गोळ्यासारखे होते. फाइल देण्यापूर्वी सर्व रेषांचे भरीव आकारांत रूपांतर करावे आणि संपादन करता येईल अशी मूळ फाइल स्वतंत्र जपावी.

मग आकाराची परीक्षा घ्यावी. ब्राउझरच्या टॅबवरचे चिन्ह अवघ्या १६ × १६ पिक्सेलचे असू शकते. ॲपल ॲप स्टोअरसाठीचे चिन्ह १०२४ × १०२४ पिक्सेलचे मागते. एकच चित्र या दोन्ही टोकांना पुरत नाही. पात्राची तीन रूपे करावीत : मोठे पूर्ण रूप, मधले कमी तपशिलांचे रूप, आणि केवळ डोके किंवा छायाकृती असलेले छोटे रूप. छोटे रूप म्हणजे मोठ्या रूपाची संगणकाने केलेली घट असू नये; ते हाताने नव्याने काढावे. आमच्या खवले मांजराच्या १६ पिक्सेलच्या रूपात डोळा म्हणजे नेमका एक चौकोनी पिक्सेल होता, आणि तो कोणत्या पिक्सेलवर ठेवायचा यावर अर्धा दिवस गेला. एक घर डावीकडे सरकवला की प्राणी झोपाळू दिसे.

पायरी ६ : नावाशी जुळणी

नाव देवनागरीत असेल तर इंग्रजी पुस्तकांतले जुळणीचे नियम जसेच्या तसे लागू पडत नाहीत. रोमन अक्षरे खालच्या रेषेवर उभी असतात, म्हणून शेजारचे पात्र त्या रेषेवर पाय टेकून उभे केले की जोडी जमते. देवनागरीचा भार वर शिरोरेषेवर असतो. खाली टेकवलेले पात्र तेथे नावापासून सुटल्यासारखे दिसते. त्याऐवजी पात्राच्या डोळ्यांची किंवा खांद्याची पातळी शिरोरेषेशी जुळवून पाहावी. शिरोरेषेवर पात्र बसवण्याचा किंवा तिला लोंबकळवण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. नावात वेलांटी, मात्रा, अनुस्वार किंवा रफार असेल तर पात्र त्यावर आदळते, आणि एखादा अनुस्वार पात्राच्या पायाखाली गेला की नावच बदलते. पात्राची रेषा आणि अक्षराची जाडी यांतही नाते हवे. जाड, गोल अक्षरांशेजारी केसासारख्या बारीक रेषांचे पात्र पाहुण्यासारखे दिसते.

पायरी ७ : मॉडेल शीट, आणि ती दुसऱ्याच्या हाती देणे

ॲनिमेशनच्या स्टुडिओंत प्रत्येक पात्राची मॉडेल शीट असते, म्हणजे अनेक चित्रकारांनी एकच पात्र एकसारखे काढावे यासाठी केलेला नमुना-तक्ता. व्यवसायाच्या मॅस्कॉटसाठीही तो करावा. त्यात पात्र समोरून, पाऊण बाजूने, बाजूने आणि पाठीमागून दाखवावे. डोक्याच्या मापात उंची मोजून आडव्या रेषा आखाव्यात. पाच-सहा भाव आणि तितक्याच हालचाली द्याव्यात. रंगांचे आकडे पडद्यासाठी आणि छपाईसाठी वेगवेगळे लिहावेत. "हे करू नये" असा एक भाग असावा, आणि त्यात केवळ सूचना न देता चुकीची चित्रे काढून त्यांवर फुली मारलेली असावी. आमच्या तक्त्यात खवले मांजराचे दात दाखवलेले एक चित्र फुली मारून ठेवले आहे, कारण या प्राण्याला दात नसतात आणि हसरा चेहरा काढताना प्रत्येक नवा चित्रकार ते हटकून काढतो.

तक्ता पूर्ण झाल्यावर तो अशा चित्रकाराला द्यावा ज्याने हे काम आधी पाहिलेले नाही, आणि तक्त्यात नसलेली एक कृती काढायला सांगावी. तोंडी काहीही समजावू नये. त्याने आमचा प्राणी पायऱ्या चढताना काढला, तेव्हा वेटोळे सुटल्यावर शेपटी किती लांब असावी हे तक्त्यात कोठेच नव्हते, हे कळले. त्याची शेपटी माझ्या कल्पनेच्या दुप्पट होती. तक्त्यात मोजमाप जोडले, पुन्हा दिले. दुसऱ्या खेपेस प्राणी बरोबर आला. या परीक्षेचे शुल्क त्या चित्रकाराला जरूर द्यावे. मैत्रीखातर फुकट करून घेतलेली परीक्षा घाईची होते आणि "छान आहे" एवढाच अभिप्राय मिळतो.

पायरी ८ : हक्क

येथे दोन वेगळी कुलपे आहेत आणि त्यांच्या किल्ल्याही वेगळ्या आहेत. कॉपीराइट चित्राचे, कलाकृती म्हणून, संरक्षण करतो. ट्रेडमार्क ते चिन्ह विशिष्ट माल वा सेवेची ओळख म्हणून राखतो. बर्न करार या कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार कॉपीराइट कोणत्याही नोंदणीशिवाय, चित्र काढताच निर्माण होतो आणि सर्वसाधारणपणे चित्रकाराच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षे टिकतो. अनेक देशांत ही मुदत आणखी लांब आहे. त्यामुळे "इंटरनेटवर कोणाचे नाव नव्हते" हे कारण कोठेही चालत नाही. १९२८ च्या पहिल्या रूपातल्या मिकी माउसवरचा अमेरिकेतील कॉपीराइट १ जानेवारी २०२४ रोजी संपला, तेव्हा अनेकांना वाटले की आता तो दुकानाच्या पाटीवर लावता येईल. नंतरच्या अनेक रूपांवरचा कॉपीराइट आणि मिकीवरचा ट्रेडमार्क दोन्ही शिल्लक आहेत, आणि लोगो म्हणून वापर हा नेमका ट्रेडमार्कच्या अंगणातला विषय आहे.

मोफत वाटणाऱ्या चित्रांच्या अटीही नीट वाचाव्यात. लिनक्सचा पेंग्विन टक्स हा १९९६ मध्ये लॅरी यूइंग यांनी काढला आणि श्रेय दिल्यास तो वापरण्याची व बदलण्याची मोकळीक ठेवली. अशी मोकळीक म्हणजे तुमच्या आधी आणि नंतर इतरांनाही तीच मोकळीक असते, मग ते चित्र तुमची ओळख कसे होणार? विकत मिळणाऱ्या स्टॉक चित्रांच्या परवान्यांत तर लोगो वा ट्रेडमार्क म्हणून वापरास सहसा स्पष्ट मनाई असते. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून पूर्णपणे तयार करून घेतलेल्या चित्रांना, माणसाचे सर्जन त्यात नसल्यामुळे, कॉपीराइट मिळत नाही अशी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाची भूमिका आहे. म्हणजे स्पर्धकाने तेच चित्र उचलले तर त्याला कॉपीराइटच्या आधारे अडवणे कठीण जाईल. अशी साधने छायाकृतींचे पर्याय सुचवण्यापुरती वापरावीत आणि अंतिम पात्र माणसाने काढावे, असे माझे मत आहे.

चित्रकाराशी लेखी करार करावा. पैसे दिले म्हणजे हक्क आपोआप आले, असे बहुतेक ठिकाणी होत नाही. करारात पुढील गोष्टी स्पष्ट असाव्यात : सर्व रूपे, सर्व कृती आणि मूळ फाइली व्यवसायाच्या मालकीच्या होतील; दुसऱ्या चित्रकाराकडून पात्र काढून घेण्याचा आणि त्यात बदल करण्याचा हक्क राहील; ॲनिमेशन, बाहुल्या आणि खेळणी यांचा वापर त्यात येतो की नाही; आणि मूळ चित्रकाराला श्रेय कोठे व कसे मिळेल. कॉपीराइट विकल्यावरही विकृतीला हरकत घेण्याचा नैतिक हक्क अनेक देशांत चित्रकाराकडे राहतो, म्हणून बदलांना संमती कागदावर हवी. मॉडेल शीट कितीही चांगली असली तरी करारात ही परवानगी नसेल, तर दुसऱ्याचा हात कायद्यानेच बांधला जातो.

मिळतेजुळते चिन्ह आधीपासून आहे का, हे शोधण्यासाठी जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा ब्रँड शोधसंग्रह विनामूल्य उपलब्ध आहे आणि त्यात चित्र टाकूनही शोध घेता येतो. चित्रमय चिन्हांसाठी व्हिएन्ना वर्गीकरण वापरतात. त्यात माणसे दुसऱ्या गटात आणि प्राणी तिसऱ्या गटात येतात. माल आणि सेवांसाठी नीस वर्गीकरणाचे ४५ वर्ग आहेत, आणि शोध आपल्या वर्गापुरता न ठेवता शेजारच्या वर्गांतही घ्यावा. न्याहारीचे पदार्थ बनवणाऱ्या केलॉगचा वाघ १९५२ पासून होता आणि एक्सॉनचा पेट्रोलवाला वाघही त्याच्याबरोबर तीस वर्षे निवांत नांदत होता. एक्सॉनने आपल्या पंपांवरच्या दुकानांतील खाण्यापिण्याच्या मालासाठी वाघ वापरायला सुरुवात केल्यावर केलॉगने १९९६ मध्ये दावा लावला. व्यवसाय उद्या कोठे वाढू शकतो, याचा अंदाज आजच्या शोधात धरावा लागतो. कधी हद्द देशांनुसारही पडते. बॅटरीच्या धंद्यात दोन ससे आहेत : ड्युरासेलचा १९७३ चा आणि एनर्जायझरचा १९८९ चा. उत्तर अमेरिकेत एनर्जायझरचा ससा दिसतो, इतर बहुतेक जगात ड्युरासेलचा.

पायरी ९ : मुलांचा प्रश्न

कार्टूनकडे मुले ओढली जातात, मालकाची इच्छा असो वा नसो. १९९१ मध्ये अमेरिकी वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ९१ टक्के मुलांनी जो कॅमल या उंटाची सांगड सिगारेटशी बरोबर घातली. मिकी माउसची ओळखही जवळपास तेवढीच होती. १९९७ मध्ये तो उंट बंद झाला. चिलीमध्ये २०१६ पासून साखर, मीठ, मेद किंवा उष्मांक जास्त असलेल्या खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर मुलांना आकर्षित करणारी पात्रे छापण्यास मनाई आहे. व्यवसाय प्रौढांसाठीच्या मालाचा असेल तर कार्टून टाळावे. खाद्यपदार्थांचा असेल तर ज्या देशात विक्री होणार तेथील नियम आधी पाहावेत आणि पात्राशिवायचे वेष्टनही तयार ठेवावे.

पायरी १० : बदल करणे आणि नोंद ठेवणे

पात्र हळूहळू बदलत राहणार, हे गृहीत धरावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी : यंदा रेषा जाड केली तर रंग तसेच ठेवावेत. प्रत्येक बदलाबरोबर मॉडेल शीटवर तारीख आणि आवृत्तीचा क्रमांक टाकावा, आणि जुनी शीट पुसून न टाकता वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी. छापखान्यांकडे, भरतकामवाल्यांकडे आणि जाहिरातीच्या कामगारांकडे कोणती आवृत्ती आहे याची यादी ठेवणे कंटाळवाणे आहे, पण ती नसेल तर एकाच गाडीच्या दोन बाजूंना दोन वेगळे प्राणी रंगवलेले आढळतात. आमच्या खवले मांजराचे तसे एकदा झाले. डाव्या बाजूला नऊ कडा होत्या आणि उजव्या बाजूला अकरा.

ट्रेडमार्कची नोंदणी ज्या चित्राची केलेली असते त्या चित्रापुरती असते. लहान सुधारणा सहसा चालून जातात, पण पात्राचे रूप लक्षणीय बदलले तर नव्या रूपासाठी नवा अर्ज करावा लागतो, आणि जुनी नोंदणी वापराविना पडून राहिली तर ती रद्द होण्याची शक्यता असते. म्हणून मोठा बदल करण्याच्या बैठकीत चित्रकाराबरोबर ट्रेडमार्कचे काम पाहणाऱ्या वकिलालाही बोलवावे, आणि नोंदणीच्या प्रमाणपत्रावरचे चित्र छापून टेबलावर ठेवावे. नवे चित्र त्याच्या शेजारी ठेवून दोन्हींची छायाकृती एकमेकांवर टाकून पाहिली, की अर्ज नवा लागेल की नाही याची चर्चा नेमक्या कोणत्या रेषेपासून सुरू करायची ते दिसते.